झाकणावर बसलेली विजयाबाई

मोहिते दख्खनमधून ग्वाल्हेरला आले ते पलटणीबरोबर. पलटणी मोडल्या, तेव्हा मोहित्यांच्या घरातला एक जण जलकल कंपनीत वाफेच्या पंपाला कोळसा घालू लागला. शहराला पाणी पुरवणारी ही एकोणिसाव्या शतकातली कंपनी आधी भागीदारांची होती, मग दरबारची, मग सरकारची झाली. आता ठेकेदार चालवतो. मालक बदलले, मोहिते तिथेच राहिले. आठवड्याची सुट्टीसुद्धा जुन्या कामगारांनी भट्ट्या विझवून मिळवली होती.

मोहित्यांची सून विजयाबाई तिथे कामाला लागली ती नवरा गेल्यावर. कंपनीतच कामाला असलेले तिचे यजमान सूर्याजी हे 'पाटणकर बाजार' या पेठेतल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले आणि नाल्यातून झिरपलेल्या वायूने आतच गुदमरले.

यंदा ऐन मे महिन्यात तोच व्हॉल्व्ह अडकला आणि पेठेचं पाणी बंद झालं. ठेकेदाराचा सुपरवायझर अंशुल याने निवृत्तीला आलेल्या मधुसूदनला खाली उतरायला सांगितलं. त्याने सदरा काढलाही. विजयाबाईने झाकण ओढून खड्ड्यावर टाकलं आणि वर फतकल मारली.

"काकी, हटा ना! पाच मिनटांचं काम आहे," अंशुल म्हणाला.

"आमच्या ह्यांनाही हेच सांगितलं होतं."

"नौकरी जाएगी, काकी."

"जाऊ दे. हवा मारायचा ब्लोअर आण, कमरेचा पट्टा आण. मग मीच उतरते."

मधुसूदन घुटमळला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. दुपारपर्यंत पंपघरातल्यांनीही काम थांबवलं. रिकाम्या बादल्या घेऊन बायका जमल्या. सगळ्यांत मोठा आवाज कापडवाल्या शांताताईंचा. नोकरीच्या धमकीपेक्षा त्यांचे शब्द विजयाबाईला जास्त लागले, पण ती हलली नाही.

ऊन कलल्यावर शांताताई जवळ आल्या. "खरंच माणूस मरतो गं, आत?"

विजयाबाईने नवऱ्याला वर काढलं तेव्हाचं सगळं सांगितलं.  मग शांताताईंनीच कचेरीत फोन लावला. "पाणी उद्या आलं तरी चालेल आम्हाला. आधी सामान पाठवा."

दुसऱ्या दिवशी ब्लोअर आला. खड्ड्यात भरपूर हवा सोडल्यावर विजयाबाई पट्टा बांधून उतरली.  सूर्याजींचे हात जिथे शेवटचे टेकले असतील, त्या भिंतीला तिने क्षणभर हात लावला आणि व्हॉल्व्हची चावी फिरवायला घेतली.

महिन्याभरात तिची बदली शहराच्या दुसऱ्या भागातल्या थाटीपूरच्या टाकीवर झाली. सगळ्यांना कळलं, ही शिक्षा आहे. तिथे तिने ठेक्यावरच्या कामगारांची युनियन उभी केली. पहिल्या बैठकीला चार माणसं आली, तिने तेवढ्यांनाच घेऊन सुरुवात केली.