भिंतीतली फट

"साहेब, इथे वाट कधी नव्हतीच," वसंतराव तहसीलदारांना ठासून सांगत होते. त्यांच्यामागे चिऱ्यांची नवीकोरी भिंत उभी होती. माझी अशील रखमाकाकी माझ्या आडोशाला उभी राहून पदर चावत होती.

मसुऱ्याजवळच्या एका वाडीत आम्ही स्थळपाहणीला आलो होतो. म्हणजे वाद जिथला, तिथे अधिकाऱ्याने स्वतः जाऊन बघणं. रखमाकाकीचा नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाट चुलतदीर वसंतरावांच्या काजूच्या बागेतून जायची. वसंतरावांनी होमस्टे काढायला घेतला आणि वाट बंद केली. आता दवाखान्यात न्यायचं तर नवऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, उचलून न्यायचं. पावसात व्हाळ भरला की तेही संपलं.

वर्षानुवर्षं वापरातली वाट अडवता येत नाही. त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. पण वाट होती, हे दाखवावं लागतं. नकाशात ती नव्हती. आणि वाडीतले लोक "आमका काय म्हायत नाय" म्हणून घरात गेलेले. भावकीच्या भांडणात कोण पडणार?

"माणूस आजारी आसा, तेचो काय हक्क नाय?" काकीने मला ऑफिसात विचारलं होतं.

"आहे ना. माणूस म्हणून औषधपाण्याचा हक्क आहे. भावाने भावाला वाट द्यावी, हा नैतिक हक्कही आहे. पण साहेब पुरावा मागणार."

"मगे त्या हक्कांचा मी लोणचा घालू?"

खरं सांगते, आता भिंतीपाशी उभी असतानाही केस हातची गेली असंच मी धरून चालले होते.

तेवढ्यात मला भिंतीत हातभर रुंद फट दिसली. तीत करवंदीच्या काट्या कोंबलेल्या.

"वसंतराव, एवढी पक्की भिंत, मग ही फट कशाला?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि ऑफिसची मराठी सोडली. "वकीलबाई, तुमी हयचेच मां? ती देवचाराची वाट. ती बंद करून चलात?"

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री तो हद्दीतून फेरी मारतो, अशी श्रद्धा. त्याची वाट कोणी अडवत नाही. काट्या होत्या त्या माणसांना अडवायला.

"कधीपासूनची वाट?"

"आमच्या पणज्याच्या आदीपासून!"

"जाते कुठे?"

"खंय म्हंजे? रस्त्यावरसून सरळ रखमावयनीच्या खळ्यात, दारात!"

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले. तहसीलदार लिहायचे थांबले. "म्हणजे वाट होती."

"होती, पण देवचाराची..."

आता काकी पुढे आली. "अरे वसंता, त्याच वाटेन मी सून म्हणान इलंय. देवचाराक वाट ठेवलस आणि तुझ्या भावाक काटे?"

वसंतरावांनी मान खाली घालून स्वतःच काट्या उपसायला सुरुवात केली.

अडथळा काढण्याचा आदेश पावसाआधी निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला. भिंत फोडायच्या दिवशी वसंतरावांनीच नारळ ठेवून देवचाराला गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, चूकभूल झाली आसात तर पदरात घे." सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाली ती रखमाकाकी. दुपारी रिक्षा थेट तिच्या खळ्यात आली.

कायद्याची पुस्तकं माझ्या कपाटात अजून आहेत. पण वाटेचं प्रकरण आलं की मी अशिलाला आधी विचारते, तुमचा देवचार कुठून जातो?