दीक्षाची तोंडी परीक्षा

आमच्या दीक्षासारखी इंग्लिशची टीचर अख्ख्या खांदेश्वरात नाय. भाऊ म्हणून सांगत नाय, कोणालापण विचारा. मी सातवीत शाळा सोडली, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका यार्डात हायड्रा चालवायला लागलो. हायड्रा म्हणजे लोखंड उचलायची क्रेन. त्या क्रेनवर मी हिला बी.एड. केलं. आज ती नववीला शिकवते.

पण तिची एक खोड आहे. सोपं काम तिला सोपं ठेवता येत नाय.

इंग्लिशला तोंडी परीक्षेचे वीस मार्क असतात. तिच्या शाळेत ते पोरांचं थोबाड बघूनच द्यायचे. गप बसणाऱ्याला अठरा, दंगेखोराला चौदा. पोरगं इंग्लिश बोललं का, हे कोण विचारतंय! दीक्षा म्हणाली, मी प्रत्येकाला बोलायला लावणार. तेपण दोन टीचरनी ऐकायचं आणि एकमेकींचं न बघता दहा-दहापैकी मार्क द्यायचे. दुसऱ्या तुकडीच्या वैजयंती मॅडम तयार झाल्या. मुख्याध्यापिका अरुणा मॅडमनी मात्र आधीच सांगून टाकलं, "सोमवारी करून बघा. पण दोघींचे मार्क दोन टोकांना गेले, तर पालक माझ्या डोक्यावर बसतील. मग आपली जुनीच पद्धत."

तेव्हापासून हिच्या पायाला भिंगरी. किचनमधून बाल्कनीत, बाल्कनीतून किचनमध्ये. ताटात भात तसाच. तिला बघून मला पण घरात बसवेना.

रविवारी वैजयंती मॅडम घरी आल्या. वयाने मोठ्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "दीक्षा, उद्या पोरांवर प्रयोग नको. आज कोणाला तरी बोलायला लाव, आपले मार्क जुळतात का बघू."

दीक्षाने माझ्याकडे बघितलं. "दादा, बस इथं. खांदेश्वर स्टेशनला पाहुणा आलाय. त्याला तुझ्या यार्डात कसं यायचं ते इंग्लिशमध्ये सांग."

मला काय, मी रोज पंजाबी, मद्रासी ड्रायव्हरांशी बोलतो. सुरू झालो. "वेलकम सर. माय नेम प्रितम. माय हायड्रा फोर्टीन टन. ऑल कळंबोली नो मी. अदर मॅन लिफ्ट, रोप ब्रेक. आय लिफ्ट, नो ब्रेक!" हात करून दाखवलं, दोर सुटल्याचा आवाजपण काढला. वैजयंती मॅडम पोट धरून हसल्या. टाळ्यापण वाजवल्या.

मग दोघींनी दहापैकी मार्क दाखवले. मॅडमचे आठ. माझ्या सख्ख्या बहिणीचे तीन.

"तीन? मला?"

"दादा, थांब जरा." दीक्षाचा चेहरा उतरला. तिला माझं काय पडलं नव्हतं, उद्याचं दिसत होतं. "मॅडम, एक वाक्य तरी धड होतं का?"

"अगं, पण हिंमत बघ त्यांची! आपली पोरं तोंड तरी उघडतात का? मला सगळं कळलं."

"काय कळलं?"

"हायड्रा चौदा टनाची आहे."

"आणि यार्डात कसं जायचं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आतून माझी बायको पायल ओरडली, "घरीपण हेच चालतं! भाजी काय आणली विचारा, क्रेनचं सांगतील."

"तू चहा टाक," मी म्हणालो.

दीक्षा उठून परत फेऱ्या मारायला लागली. मग एकदम थांबली. "मॅडम, मीपण चुकले. मी नुसत्या चुका धरल्या, तुमी नुसती हिंमत. ऐकणाऱ्याला जे पायजे होतं ते मिळालं का, हे दोघींनी बघितलंच नाय."

"मग अर्धे मार्क त्यालाच ठेव," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे बोलण्याला आणि भाषेला."

त्या हिशोबाने तर माझे अजून खाली आले असते. मी म्हणालो, "असं असेल तर परत घ्या. काय चुकलं ते आत्ता कळलं मला." आणि बोललो, "कम आउट स्टेशन. टेक रिक्षा. से स्टील मार्केट. बिग गेट, राइट साइड. आस्क प्रितम."

दीक्षाचे सहा, मॅडमचे सात.

"सातच?" मी म्हणालो. पण दोघी ऐकायलाच तयार नव्हत्या. माना जुळवून ठरवत होत्या, उद्या अडखळलेल्या प्रत्येक पोराला काय राहिलं ते सांगायचं आणि परत एक चान्स द्यायचा.

सोमवारी यार्डात माल उतरवायला गाडी उभी होती, तरी मी शाळेच्या गेटवर. वॉचमन म्हणाला, "काका, तुमचा मुलगा आहे का परीक्षेला?" मी म्हणालो, "माझी बहीण आहे." तो बघतच राहिला.

मधल्या सुट्टीत दीक्षा धावत आली. केस विस्कटलेले, हाताला खडू.

"काय झालं?"

"एका पोरीला मॅडमनी सात दिले, मी पाच. मागे बसलेल्या अरुणा मॅडम लगेच आमच्याकडे बघायला लागल्या. आमी त्यांच्यासमोरच बसलो, ती काय काय बोलली ते आठवून परत तपासलं. माझंच चुकलं होतं, दादा. मी उच्चारावर अडकले होते. सहा केले."

"मग? बंद केलं का?"

"नाय. उलट दुसऱ्या तुकडीची कधी घेताय, त्यांनीच विचारलं."

मी म्हणालो, "माझं नाव सांगितलंस ना त्यांना?"

"दादा, अर्धी पोरं अजून बाहेर उभी आहेत," ती म्हणाली आणि पळाली.