तात्यांचं दिल्लीचं दालन

कुठलीही जुनी वस्तू दिसली, की आमचे चुलते तात्या दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्यापुढे उभे राहत. मग ती तलवार असो नाहीतर कुणाच्या परसातलं फुटकं जातं. "हात लावायचा न्हाई गड्या, नुसतं डोळ्यानं खायचं. दिल्लीला असाच नेम हाय," असं बजावत. लष्करात ड्रायव्हर म्हणून त्यांनी काही वर्षं दिल्लीत काढली होती, आणि तिथलं राष्ट्रीय संग्रहालय त्यांना तोंडपाठ होतं. निदान वडूजच्या आसपासच्या गावांत तरी तसा बोलबाला होता.

चैत्रात गावची यात्रा भरली, की तात्या शाळेच्या एका खोलीत 'दिल्लीचं दालन' मांडत. घराघरांतून वस्तू येत. पितळी पानपुडे, धान्याची मापं, आजेसासूच्या पाटल्या, एखादी ढाल, माळावर सापडलेला शंखासारखा दगड. भाकरी बांधून पार आटपाडीकडची माणसं बघायला येत. सहा गड्यांनी उचलायची तलवार आणि राणीचा चांदीचा झोपाळा या तात्यांच्या ठेवणीतल्या गोष्टी. मग समोरच्या पाटल्यांकडे वळून म्हणत, "हिची थोरली भैन दिल्लीत काचंच्या पेटीत बसलीया. साहेबलोक तिच्यापुढं टोपी काढत्यात." हे ऐकून पाटल्यांची मालकीण म्हातारी पदर सावरून ताठ उभी राही.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो. एका यात्रेला मी मित्रांना घेऊन आलो, तर ते तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना घाईघाईनं बाहेर काढलं आणि 'हे माझे चुलते' एवढंही सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मला नोकरीच्या मुलाखतीसाठी दिल्लीला जायचं होतं. वाट दाखवायला तात्या बरोबर आले. मुलाखत उरकून आम्ही संग्रहालयाच्या दाराशी गेलो, तर तात्या बाहेरच्या कडुलिंबाखाली बसले. "तू ये जाऊन. माझं पाय दुखत्यात." मी एकटाच हिंडलो. जमिनीतून निघालेली हजारो वर्षांपूर्वीची मडकी, दगडी देव, राजांची चित्रं, हत्यारं, कापडचोपड, सगळं अपरंपार होतं. पण ती तलवार कुठे दिसेना, की झोपाळा दिसेना.

बाहेर आलो तेव्हा तात्या माझं तोंड बघत होते.

"न्हाई ना घावलं?" ते म्हणाले. "साहेब आत जायाचं, मी गाडीपाशी. माघारी येताना त्ये बाईसाहेबास्नी सांगायचं, त्ये मी ऐकायचो. थोडं त्येंचं, थोडं माझं."

"मग आता तरी चला की आत."

"आता बघून काय करू रं? इतकी वर्सं सांगितल्यालं समदं मोडंल."

गावी परतलो तर देवळाच्या पारावर माणसं जमलेलीच. "तात्या सांगत्यात तसंच हाय का रं?" तात्या शेजारीच बसले होते. "हुबेहूब," मी म्हणालो. वर "तात्या कमीच सांगतात," असंही ठोकून दिलं. मोठे उपकार केल्यासारखा माझा चेहरा फुलला होता. ते आठवलं की अजून माझे कान तापतात. रंगवून सांगणं तात्यांना चालायचं, पण पुतण्यानं आपली कीव करून खोटं बोलावं हे त्यांना सोसलं नाही. ते मान खाली घालून उठले आणि घरी गेले.

पुढच्या यात्रेला दालन मांडायला ते आलेच नाहीत. कुणी गळ घातली तर म्हणत, "पुतण्याला इचारा. त्यो आत जाऊन आलाय." शेवटी मीच मांडलं. एकेका वस्तूची खरीखुरी माहिती सांगितली. लोकांनी ती मुकाट्यानं ऐकून घेतली, आणि दुपारीच आपापली मापं, पाटल्या उचलून घरी नेल्या.

दिवस मावळायला तात्या आले आणि हात पाठीमागे बांधून दाराबाहेरच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"अहो तात्या, आत या की," मी म्हणालो.

"नगं रं," ते म्हणाले, "मी हितंच बरा. भाईर थांबायची सवय हाय मला."