माहेरच्या आडनावाची लिंक

कर्वेनगरच्या एका लग्नात माझ्या जुन्या मॅनेजर मॅडम भेटल्या. मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी होते, तेवढ्यात मागून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी भेटत होतो, पण आवाज तोच होता, मीटिंगमधला.

“सध्या काय करतेस?”

“घरीच असते, मॅडम.”

“का?”

असं सरळ कोणी विचारत नसे. लोक ‘हो का, छान’ म्हणून विषय बदलत. मी त्यांना खरं ते सांगितलं. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. दिवसा घरात दुसरं कोणी नव्हतं. मी नोकरी सोडली. वर्षभराने परत जाऊ असं वाटलं होतं, ते राहून गेलं.

“आता कशा आहेत त्या?”

“आता काठी घेऊन चालतात. बोलतात. भांडतातसुद्धा.”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या कंपनीत मधे नोकरी सुटलेल्या बायकांना परत घेतायत. टेस्टिंगचंच काम आहे. पण आमची माणसं बायोडेटा नंतर बघतात, आधी नेटवरचं प्रोफाइल बघतात. आज मला तुझी लिंक पाठव.”

“हो, पाठवते,” मी म्हटलं. लिंक पर्समध्ये घडी करून ठेवलेली असावी, अशा थाटात म्हटलं.

प्रोफाइल होतं, एवढं मला आठवत होतं. हिंजवडीला रस्ते कमी आणि कुंपणं जास्त होती त्या काळात मी तिथे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागले. माझं माहेर कसब्यातलं. आमच्या गल्लीत दिवसभर तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत, आणि त्या गल्लीतून गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या बसला जाणारी मी पहिली मुलगी होते. वडिलांना त्याचं फार कौतुक होतं. ऑफिसमध्ये एकदा ट्रेनिंगला आलेल्या बाईंनी सगळ्यांना त्या साइटवर प्रोफाइल काढायला लावलं. कामधंद्याच्या ओळखी तिथे होतात, असं त्या म्हणाल्या. मी काढलं, सगळ्या सहकाऱ्यांना जोडून घेतलं आणि विसरून गेले. पुढे लग्न झालं, धायरीला आले, आडनाव बदललं.

लग्नाहून घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. साइट म्हणाली, पासवर्ड चुकीचा आहे. विसरला असाल तर मेल पाठवतो. तो मेल जाणार होता माझ्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता मी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला होता. मग मी सासरच्या आडनावाने नवीनच खातं उघडलं. नाव आणि गाव एवढंच भरलं. माझ्या पानावर गेले, ब्राउझरमध्ये वर जो पत्ता दिसत होता तो उचलला आणि मॅडमना पाठवून दिला. काम झालं म्हणून कणीक मळायला घेतली.

मॅडमचं उत्तर आलं: “हे माझं प्रोफाइल आहे. मी मला ओळखते.”

मला काही कळेना. मी परत तीच लिंक पाठवली. परत उत्तर आलं: “अजूनही मीच.”

पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आलं, की मी उचललेला पत्ता ‘ज्याचं त्याचं पान’ असा होता. मी उघडला की मी दिसायची, त्यांनी उघडला की त्या. पण तेव्हा फक्त कानशिलं तापली. ज्या बाईंनी मला चुका शोधायला शिकवलं, त्यांनाच मी एक लिंक नीट पाठवू शकत नव्हते. शेवटी त्यांनी लिहिलं, “मी तुझ्या आताच्या नावाने शोधलं. तुझ्या नावाच्या पुष्कळ बायका आहेत. एक ब्युटी पार्लर चालवते, ती तू नसावीस. सोमवारपर्यंत पाठव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, राहू दे हे. मला नाही जमायचं.”

ते बुटाची लेस बांधत होते. “बरं,” म्हणाले. मग दारातून वळून म्हणाले, “पण मॅडमना तसं तूच कळव. मला त्यांची भीती वाटते.”

ते ऑफिसला गेल्यावर मी परत बसले. या वेळी आत शिरायचा प्रयत्न सोडला आणि बाहेरच्या कोणीतरी शोधावं तसं माझं माहेरचं नाव टाकून शोधलं. तिसऱ्या-चौथ्या नावाशी मी होते. कंपनीच्या गेटसमोर काढलेला फोटो, पिवळा पंजाबी ड्रेस, केसांना तेल लावून घट्ट वेणी. खाली लिहिलं होतं, की मी अजून तिथेच काम करते. इतकी वर्षं मी या घरात औषधांच्या वेळा सांभाळत होते आणि ती मुलगी रोज कामावर जात होती.

सासूबाई काठी टेकत आल्या. त्या धायरीच्याच. जमीन होती, ती बिल्डरकडे गेली, पण बोलणं गावचंच राहिलं. झटक्यानंतर शब्द सावकाश येतात.

“काय सोधतीयास कालधरनं?”

“मलाच शोधतेय, आई.”

त्यांनी वाकून पाहिलं. “गावली की. ही काय. लगीन ठरलं तवा अशीच हुतीस.”

“सापडली, पण आत जाता येत नाहीये.”

“मंग दुसरं दार बघ,” असं म्हणून त्या गॅलरीत उन्हाला जाऊन बसल्या.

त्यांना साइटमधलं काही कळत नव्हतं, पण त्या बोलल्या आणि मला आठवलं, की दुसरं दार खरंच होतं. त्या ट्रेनिंगवाल्या बाईंनी ऑफिसच्या मेलबरोबर घरचाही एक मेल घालायला सांगितला होता. माझा घरचा मेल म्हणजे कसब्यातल्या सायबर कॅफेत बसून काढलेला. त्याचाही पासवर्ड आठवत नव्हता, पण लग्न ठरल्यावर मी त्याला यांचा मोबाइल नंबर जोडला होता. मी त्या नंबरवर कोड मागवायचं बटण दाबलं. थोड्या वेळात यांचा फोन आला. मागे बसचा आवाज येत होता.

“कोणीतरी मला आकडे पाठवतंय. चोर असेल तर त्याला सांग, चुकीच्या घरी आलाय.”

“मीच आहे ती. आकडे सांगा.”

“बसमध्ये आहे. मोठ्याने सांगू?”

“सांगा हो.”

त्यांनी सांगितले, मी टाकले आणि मेल उघडला. मेलमधून साइटचा पासवर्ड बदलला, आणि दाराला कुलूप कधी नव्हतंच अशी ती साइट उघडली. मी खुर्चीत मागे टेकले. पाठ केव्हापासून आखडली होती, ते तेव्हा कळलं.

आत माझे जुने सहकारी होते, माझ्या कामाबद्दल त्यांनी लिहिलेल्या दोन-चार चांगल्या ओळी होत्या. नवीन उघडलेलं रिकामं खातं मी बंद करून टाकलं. जुन्यात आडनाव बदलायला घेतलं, पण थांबले. ही सगळी माणसं मला त्याच नावाने ओळखत होती. मग दोन्ही आडनावं ठेवली, माहेरचं आधी.

राहिली मधली वर्षं. तिथे काय लिहायचं हे मला सुचेना. काही न लिहिता पुढे जाता येत होतं, पण मॅडमच्या त्या ‘का?’ला मी खरं उत्तर दिलं होतं, मग इथे तरी का लपवायचं? मी मराठीत आधी कच्चं लिहून सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘घरातील रुग्णाच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली.’

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “माज्यापायी झालं समदं तुजं.”

“तसं नाही लिहिलेलं आई.”

“मंग रुग्ण म्हनू नगंस. मी बरी हाय आता. चालती, बोलती. त्ये लिव्ह.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी लिहिलं, की सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली. त्या आता बऱ्या आहेत, म्हणून मी परत येते आहे. इंग्रजीत तर ते आणखी छोटं झालं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं, कळलं नाही तरी मान हलवली.

आता लिंक. या वेळी मी घाई केली नाही. माझं पान उघडलं, नावाखालच्या संपर्काच्या माहितीत गेले, तिथे माझ्या नावाचा पत्ता होता आणि त्याच्या शेपटाला निरर्थक अक्षरं-आकडे लागलेले होते. ते काढून टाकायची सोय सापडली. नुसतं नाव उरलं. ते उचलून आधी यांना पाठवलं आणि विचारलं, उघडतंय का, कोण दिसतंय.

उत्तर आलं, “एक बाई दिसतायत. ओळखीच्या वाटतात.”

मग मॅडमना पाठवलं. तासाभरात त्यांचाच फोन आला.

“आता दिसलीस. फोटो बदल, शाळेतली वाटतेस.”

“हो मॅडम. आणि ते मधल्या वर्षांचं ठीक आहे ना? काढू का?”

“अजिबात नाही. तेवढं एकच वाक्य मी पूर्ण वाचलं.”

फोन ठेवल्यावर मला सडकून भूक लागली. सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. कालची पोळी आणि लसणाची चटणी घेऊन मी गॅलरीत सासूबाईंच्या शेजारी खाली बसले आणि खाल्ली.

मुलाखत बाणेरला झाली. बसमध्ये मी मधल्या वर्षांबद्दलची सगळी उत्तरं पाठ करत गेले होते. समोर बसलेल्या दोघांनी माझं पान उघडून ठेवलं होतं. त्यातल्या एकाने विचारलं, “सासूबाई कशा आहेत?” मी म्हटलं, “बऱ्या आहेत.” तो विषय तिथेच संपला. उरलेला वेळ आम्ही टेस्टिंगबद्दल बोललो, आणि बोलता बोलता मला कळलं, की मला ते येतंय. अवजारं बदलली होती, पण चूक कुठे लपते ते बदललं नव्हतं.

नोकरी मिळाल्याचं कळलं त्या दिवशी हे घरी लवकर आले. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, उजव्या हाताने. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, “दुपारचं कोन बघनार?”

“एक बाई येणार आहेत, आई. आणि सकाळची भाजी मी करीन,” हे म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बाईला सकाळचीच ये म्हनाव,” त्या म्हणाल्या.