क्युबा, निकाराग्वा आणि गोठ्याची भिंत

माझा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीवर महाळुंगे पडवळला आला की बापासाठी सिगार आणतो. माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, जन्मभर विडीच ओढली, तीही बोटांना चटका बसेपर्यंत. पण गेल्या खेपेला त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक देशाचे दोन-दोन आण, एक तुला, एक मला. कुठला सरस ते ठरवू.

पोराने आणले. डॉमिनिकन रिपब्लिकचे, निकाराग्वाचे, क्युबाचे. अडचण एवढीच, की आमच्यात मुलगा बापासमोर ओढत नाही. हा पस्तिशीचा बाप्या घरी आला की गोठ्यामागे जातो. दादांना ते ठाऊक आहे, आणि दादांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे.

मी तंबाखूला शिवत नाही, म्हणून जुन्नरहून मला पंच म्हणून बोलावलं. आल्यावर कळलं, मी पंच नव्हतो, निरोप्या होतो. दादा ओट्यावर, पोरगा गोठ्यामागे आणि मी अंगणात येरझाऱ्या घालतोय.

डॉमिनिकन दादांना मिळमिळीत वाटला, आजाऱ्याला द्यावा असा. पुतण्याचं म्हणणं, नवख्याने सुरुवात त्यानेच करावी. निकाराग्वाचा मिरीसारखा झोंबतो यावर एकमत झालं. दादा मात्र विडीच्या सवयीने धूर आत ओढून खोकत बसले. तो तोंडातच घोळवायचा असतो, हे पोराने बापाला माझ्यामार्फत कळवलं. खोकला थांबल्यावर दादा हळूच मला म्हणाले, पहिला नंबर या निकाराग्वाचाच, पण पोराला आत्ताच सांगू नको. मग क्युबाचा पेटवला. एवढा बोभाटा कशाचा, एवढंच त्यांचं मत पडलं. तेही सांगायचं नव्हतं.

माझे पाय दुखायला लागले होते आणि दोघांचाही राग येत होता. दादांना सिगारशी काय देणंघेणं! पोराशी बरोबरीच्या नात्याने चार शब्द बोलायचे होते, आणि तेवढं सोडून सगळं चाललं होतं. मी ओट्यावर बसकण मारली आणि म्हणालो, आता तुमचं तुम्ही बघा, उद्या सकाळी तो निघालाय.

दादा हातातला सिगार घेऊन उठले. ते गोठ्याच्या कोपऱ्याशी पोहोचले तशी मागे धांदल उडाली. दादा तिथेच थांबले आणि गोठ्याकडे पाठ करून, कांद्याच्या रानाकडे तोंड करून उभे राहिले.

"इझवू नको," ते म्हणाले. "म्या पाठ केलीय. आता तूच सांग, कुठला चांगला?"

मग कोपऱ्याआडून धूर आला.

"क्युबाचा, आबा," पोरगा बापाला म्हणाला.

"मलाबी त्योच वाटला व्हता," दादा म्हणाले.

माझा राग गेला. पंच म्हणून मला बोलायला हवं होतं, पण मी ओट्यावर तोंड मिटून बसून राहिलो.