मनगटावरचा शिक्का

मी पोस्टात शिक्के मारणारा माणूस. पाकीट हातात आलं की आधी तिकिटाकडे बघतो, वापरलेलं तिकीट पुन्हा चिकटवणारे काही कमी नाहीत. घरीही हा स्वभाव सुटला नाही. धाकटी बहीण बेचाळीस किलोमीटर पळून अकरावी आली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की कुठंतरी पाणी मुरतंय.

ती टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायची. त्या शर्यतीत तोवर एकही बाई पळाली नव्हती. शर्यतीच्या समितीने तिला पळू दिलं, पण छातीवर लावायचा नंबर दिला नाही. ते पुरुषांपुरतेच छापले होते. अर्ध्या वाटेवर जिथून परत फिरायचं, त्या वळणावर खूण म्हणून प्रत्येकाच्या नंबरावर शिक्का मारत. हिच्या मनगटावर मारला, असं ती सांगत होती. पोचली तेव्हा मनगट कोरं. वळणावरच्या माणसाला काही आठवत नव्हतं.

घामाने गेला, ती म्हणाली. समितीने जाणकार म्हणून मला विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "माझ्या बोटांवरची शाई तीन-तीन दिवस निघत नाही," मी सांगितलं. तिचं नाव निकालातून कापलं. ती भांडली नाही, आणि मला त्याचाही संशय आला.

पुढच्या रविवारी समितीचाच शिक्का मागून आणला आणि तिला म्हटलं, पुन्हा पळ. ती पळाली. मी सायकलवर मागे. वळणावर शिक्का मारला आणि नजर हातावरून हलवली नाही. पुसला तर पकडायची. तिसाव्या किलोमीटरला नुसता काळा ओघळ उरला होता. शेवटी तोही नव्हता. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मला घाम काय ठाऊक? मला स्वतःची फार लाज वाटली.

तसाच समितीकडे गेलो. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही भाऊ तिचे," ते म्हणाले. "भावाची साक्ष कशी धरायची?"

विरुद्ध बोललो तेव्हा मी भाऊ आहे हे कुणाला खटकलं नव्हतं.

पुढे ती नंबर लावून चौदा वर्षं पळाली, तिच्यामागून कितीतरी बायका आल्या. त्या पहिल्या निकालात मात्र तिचं नाव आजही नाही. समितीकडून परतलो त्या संध्याकाळी मी त्यांचं बोलणं सांगितलं, तेव्हा ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती.

"त्यांना मी परकी, दादा," ती म्हणाली. "तू तरी आधी मला विचारायचंस."