व्हिसाच्या चौकशीचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतेय म्हणून लगेच चुकचुकू नका. मला तुमची कीव नको.

माझा धाकटा भाऊ विनय. इलेक्ट्रॉनिक सिटीत चांगली नोकरी. त्याला मोटरसायकलवरून, रस्त्यारस्त्याने थेट तुर्कस्तान गाठायचं होतं. वाटेतल्या एका देशात येता-जाता दोनदा शिरायचं, म्हणून लांब मुदतीचा, अनेकदा ये-जा करू देणारा व्हिसा हवा. कंपनीने वर्षभराची बिनपगारी रजासुद्धा दिली. सगळं याच्याच मनासारखं कसं होतं? आणि मी — जे. पी. नगरच्या घरात आईच्या गोळ्या, नवऱ्याचं दुकान, कुकरच्या शिट्ट्या. पासपोर्ट माझाही आहे. त्यावर एक शिक्का नाही.

तुम्ही म्हणाल, आईच्या काळजीपोटी केलं असेल. मीही स्वतःला तेच बजावत आले. खोटं आहे ते — आई तर त्याला ‘जाऊन ये बाबा’ म्हणत होती. मला त्याचं सुख बघवलं नाही. बस्स.

अर्जात त्याने घरचं माणूस म्हणून माझा नंबर दिला. “अक्का, चौकशीचा फोन येईल, स्वल्प, थोडं नीट बोल हं.” आला फोन. व्हिसा कचेरीतली बाई सभ्य होती. भाऊ नोकरीत आहे ना? परत येणार ना? एवढंच. हो म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, नोकरी सोडलीय त्याने — परत यायचा विचार दिसत नाही.

व्हिसा नाकारला. दुसऱ्यांदा अर्ज केला, तोही नाकारला. तो व्हिसाच्या एजंटला नाही नाही ते बोलला आणि मी शेजारी उभी राहून त्याची री ओढली. मग त्याने गाडी विकली.

आता तो आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. आईला दवाखान्यात तोच नेतो. वाटलं होतं, हा इथे अडकला की माझा जळफळाट थांबेल — कुठला थांबतोय? त्याचा पडलेला चेहरा पाहूनही डोक्यात तिडीक जाते.

परवा जेवताना त्याने विचारलं, “अक्का, तेव्हा माझं काय चुकलं असेल गं?”

“तुला घाईच फार,” मी म्हटलं.

“सरी, बरं, तसंच असेल,” म्हणाला आणि खाली मान घालून भात कालवायला लागला. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी ताक आणायला उठले.